खडाखडी : गच्चीवरचा बिनस्क्रीनचा खेळ

आधी खेळ सांगतो, मग बाकीचं.

पाच-सहा जण गच्चीवर उभे आहेत. प्रत्येकाच्या एका हातात वीतभर दांडी, दांडीच्या टोकाला आत दिवा पेटलेला गोळा. दुसऱ्या हातात पंचा. कठड्याशी हलगी वाजते आहे. हलगी संथ असते तोवर दांडी फार नाजूक असते; हाताला जरा हिसका बसला की गोळा लाल होऊन विझतो आणि माणूस बाद. हलगी चढली की दांडी सैल पडते, मग झडप घालता येते, मागं उडी मारता येते. आपली दांडी जपायची आणि पंचाच्या फटक्यानं, हुलकावणीनं, ओरडून, कसंही करून दुसऱ्याचा हात हलवायचा. शेवटी ज्याचा गोळा पेटता राहील तो जिंकला.

टीव्ही नाही, मोबाइल नाही, गुण दाखवणारा फळा नाही. बघायचं ते समोरच्याच्या डोळ्यांकडे आणि मनगटाकडे. नाव ठेवलंय ‘खडाखडी’. कुस्तीच्या मैदानात सलामी झाली की पहिली पकड बसेपर्यंत दोन पैलवान हातानं हात झटकत, मानेवर हात टाकत एकमेकांचा अंदाज घेतात, ती खडाखडी. आमचा सगळा खेळ तेवढ्याच भागाचा आहे.

माझा धंदा लाइटिंगचा. सांगलीत गणेश मंडळांच्या मंडपांवर, कमानींवर, लग्नाच्या हॉलवर ज्या पळत्या रंगीत पट्ट्या दिसतात त्यातल्या काही माझ्या. गणपती ते दिवाळी श्वास घ्यायला सवड नसते आणि पावसाळ्याच्या तोंडाला काम बसतं. २०१९च्या पुरानंतर गावभागातलं माझं वर्कशॉप मी वरच्या मजल्यावर नेलं, त्यामुळं टेबल आणि गच्ची यांच्यात आता फक्त एक जिना आहे. एलईडी, वायर, कंट्रोलर हे सगळं हाताखालचं. या खेळाला लागतं ते बहुतेक घरातच होतं.

मूळ कल्पना माझी नाही, हे ठळक सांगायला हवं. डग्लस विल्सन नावाच्या खेळ-रचनाकारानं २०११च्या सुमारास डेन्मार्कात, कोपनहेगनमध्ये ‘योहान सेबास्टियन जाउस्ट’ हा खेळ केला. त्यात सोनीचे ‘मूव्ह’ कंट्रोलर, म्हणजे व्हिडिओ गेमसाठी हातात धरायच्या दांड्या, वापरलेत. हे कंट्रोलर २०१० साली बाजारात आले. टोकाला रंगीत उजळणारा गोळा, आत हालचाल मोजणारे सेन्सर. सोनीनं तो गोळा दिला होता कॅमेऱ्यासाठी, म्हणजे टीव्हीवरच्या कॅमेऱ्याला हात कुठं आहे ते कळावं म्हणून. विल्सननं कॅमेरा आणि टीव्ही दोन्ही बाजूला ठेवले. गोळा नुसता दिवा झाला. मागं योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराच्या ‘ब्रँडेनबर्ग कंचेर्टो’ या रचना वाजतात. संगीत संथ असताना कंट्रोलर हळवा, जलद झालं की सैल. २०१४ साली तो चार खेळांच्या एका संचातून प्लेस्टेशनवर आला. मी त्याचे व्हिडिओ पाहिले आणि मला सारखं आमच्याकडचं मैदान आठवायला लागलं. तिथंही वाद्य वाजत असतं आणि तिथंही लोक गोल करून उभे असतात.

आमच्या भागात कुस्ती हलगीशिवाय होत नाही. हिंदकेसरी मारुती माने यांचं कवठेपिरान इथून जवळच. त्या गावांमधून जत्रेच्या मैदानाला हलगी आणि कैताळ वाजायला लागलं की बसलेला माणूस उठून उभा राहतो. तेव्हा संगीत काय असावं हा प्रश्न माझ्यापुढं कधी आलाच नाही. प्रश्न होता दांडीचा.

मूव्ह कंट्रोलर इथं सहज मिळत नाहीत, मिळाले तर वापरलेले आणि महाग. मोबाइलमध्येही हालचालीचा सेन्सर असतोच, मग सगळ्यांच्या हातात मोबाइलच का देऊ नये, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. मला ते नको होतं. पंधरा-वीस हजारांची वस्तू हातात असताना कुणी मोकळेपणानं झडप घालत नाही. शिवाय मोबाइल हातात आला की त्याची स्क्रीन येते, आणि बाद झालेला माणूस मान खाली घालून व्हॉट्सअ‍ॅप बघायला लागतो. बाद झालेल्या माणसानं खेळ बघितला पाहिजे. त्यानं टाळ्या पिटल्या पाहिजेत, ओरडलं पाहिजे.

म्हणून दांड्या घरी केल्या. शंभर फुटी रोडवर वायरिंगचा २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मिळतो, त्याचे तुकडे. आत १८६५० जातीचा लिथियम सेल, तो १८ मिलिमीटर जाडीचा असतो त्यामुळं पाइपात बरोबर बसतो. त्याच्या वर ईएसपी३२ सी३ या चिपची नखाएवढी पाटी, हा दांडीचा मेंदू, तिच्यात वायरलेस आहेच. एमपीयू६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर, एक कंपन करणारी छोटी मोटर, जुन्या मोबाइलमध्ये असायची तसली. टोकाला टेबल टेनिसचा चेंडू, चाळीस मिलिमीटरचा, त्याला भोक पाडून आत तीन पिक्सेल एलईडी. या चेंडूसारखा उजेड पसरवणारं दुसरं स्वस्त काही मी पाहिलेलं नाही. आतला एलईडीचा ठिपका दिसत नाही, सगळा गोळा सारखा उजळतो. एका दांडीला सहा-सातशे रुपये पडतात. सेल मात्र नवा आणि प्रोटेक्शन सर्किट असलेलाच घ्यावा. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले काढलेले सेल मुलांच्या हातात द्यायचे नाहीत, यात काटकसर नको.

आता सेन्सरबद्दल, कारण खेळाचा जीव तिथं आहे.

एमपीयू६०५० तीन दिशांना त्वरण मोजतो. दांडी टेबलावर निवांत पडलेली असली तरी तो शून्य दाखवत नाही, एक जी, म्हणजे पृथ्वीच्या ओढीएवढं त्वरण, दाखवतो, कारण टेबल तिला वर तोलून धरत असतं. दांडी हवेत सोडली तर पडताना शून्याच्या जवळ येतो. तिन्ही दिशांचे आकडे घेऊन त्यांच्या वर्गांची बेरीज, मग वर्गमूळ, असं केलं की दांडी कशीही धरली तरी निवांत असताना उत्तर एकच येतं. त्या एकपासून उत्तर जितकं दूर गेलं तितका हिसका. हा सोपा हिशोब सगळीकडे सांगितलेला असतो आणि बऱ्याच कामांना तो पुरतो.

पण गच्चीवर त्याचा पक्षपात दिसायला लागला. दांडी उभ्या दिशेनं ०.३ जीनं हिसकली तर उत्तर १.३ येतं. तोच ०.३ जीचा हिसका आडवा दिला तर उत्तर १.०४ च्या आसपास येतं, कारण आडवा हिसका आणि गुरुत्वाकर्षण काटकोनात आहेत आणि वर्गमुळात आडवा जवळजवळ बुडून जातो. म्हणजे पायरी चढताना माणूस बाद होणार आणि कुणी हाताला बाजूनं चांगला धक्का दिला तरी वाचणार. या खेळातला मारा तर सगळा बाजूनंच असतो. म्हणून हिशोब बदलला. दांडी आता प्रत्येक दिशेची सुमारे अर्ध्या सेकंदाची सरासरी धरून ठेवते, ती तिच्या दृष्टीनं ‘खाली’. आत्ताच्या आकड्यातून ती वजा करायची आणि उरलं त्याची लांबी मोजायची. आता धक्का कुठूनही आला तरी सारखाच मोजला जातो. दांडी सावकाश फिरवली तर सरासरीही तिच्या मागोमाग फिरते, म्हणून चालतं. चटकन फिरवली तर मोजली जाते. संथ हलगीत माणसं काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन निघाल्यासारखी चालतात ते त्यामुळं.

सेकंदाला शंभर वेळा वाचन. एकाच वाचनावर कुणाला बाद करायचं नाही, ओळीनं तीन वाचनं मर्यादेच्या वर गेली तरच. संथ हलगीत मर्यादा ०.३ जीच्या आसपास, हलगी पूर्ण चढली की दीडच्या वर. सेन्सर मुळात दोन जीपर्यंत मोजायला लावलेला असतो, तो चारपर्यंत वाढवून घ्यावा, नाहीतर जोराच्या हिसक्याला आकडा वरच्या टोकाला अडकून बसतो.

मोटरनं वेगळाच घोळ घातला. मर्यादेच्या जवळ गेलं की दांडीनं हातात थरथरून सावध करावं, अशी योजना होती. पण मोटर आणि सेन्सर एकाच पाइपात. मोटर थरथरली की सेन्सरला तो हिसका वाटायचा आणि सावध केलेला माणूस सावध केल्यामुळंच बाद व्हायचा. मोटर चालू असताना सेन्सरकडे लक्षच द्यायचं नाही असं ठरवलं तर माझ्या भाच्यानं एका संध्याकाळीत ते ओळखलं. आधी मुद्दाम दांडीला थरथरवायचं आणि त्या आंधळ्या क्षणात झडप घालायची. आता मोटर फोमच्या तुकड्यावर बसवली आहे, थरथर अगदी आखूड ठेवली आहे आणि तेवढ्यापुरती मर्यादा थोडी वर जाते, बंद होत नाही. भाचा म्हणतो, मजा गेली. पण त्यानंतर तोच जास्त जिंकायला लागला.

भाच्याचं ते उघडं पाडणं मला फार मोलाचं वाटतं आणि तिथूनच या खेळाबद्दल मला जे ठामपणे वाटतं ते पक्कं झालं. दांडीला एकच गोष्ट कळली पाहिजे: हिसका बसला की नाही. बाकी काही कळता कामा नये. कोण कुठं उभा आहे, कुणी कुणाला मारलं, कोण लबाडी करतंय, हे यंत्राला शिकवायचा मोह पदोपदी होतो, आणि सेन्सर स्वस्त असल्यामुळं ते अवघडही नाही. पण यंत्र जेवढं जास्त ठरवतं तेवढी माणसं त्याच्या तोंडाकडे बघायला लागतात. स्क्रीन काढून टाकली तरी मग ती मनात उरते.

याची कसोटी आमच्या आत्तीनं पाहिली.

आत्ती साठीच्या पुढची. कोजागरीला सगळे गच्चीवर जमलो होतो, पातेल्यात दूध आटत होतं, भडंगाची परात मध्ये. तिनं आपण होऊन दांडी मागून घेतली. पाण्याच्या टाकीला पाठ लावली, दांडी छातीशी धरली आणि उभी राहिली. नुसती उभी. हलगी चढू दे, उतरू दे, आत्ती हलेना. बाकीचे आपापसात भिडून बाद झाले आणि आत्ती जिंकली.

‘‘आत्ती, ह्याला काय अर्थ हाय? जरा फुडं ये की!’’ दाजी म्हणाले.

‘‘मी कशाला येऊ? तुम्ही या. मी हितंच हाय.’’

दुसऱ्या दिवशी एका मित्रानं फोनवर उपाय सांगितला: दांडी दहा सेकंद हलली नाही तर आपोआप विझावी. चार ओळींचं काम होतं. मी केलं नाही. निवांत उभं राहणं हा डाव आहे, आणि आत्तीच्या गुडघ्यांना तोच डाव झेपतो. तो मोडायचा तर माणसांनी मोडावा. पुढच्या वेळी खेळताना हलगी चढली तशी दाजी आणि भाचा, एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेले, दोघं मिळून आत्तीवर गेले. तोवर वहिनीनं रांगोळीनं एक रिंगण काढलं होतं, टाकी त्याच्या बाहेर ठेवली होती आणि पाठ टेकायला जागाच नव्हती. ते रिंगण आता खेळाचा भाग झालंय. मी ते सुचवलेलं नाही.

पंचाही असाच आला. मूळ खेळात माणसं एकमेकांना हातानं ढकलतात, हातावर चापट मारतात. डेन्मार्कात ते चालत असेल. आमच्या गच्चीवर सासरे, सुना, दीर, भावजया, शेजारचे कॉलेजातले पोरगे आणि पोरी एकत्र असतात. अंगाला हात लावायचा म्हटलं की निम्मी माणसं आपण होऊन मागं बसतात, आणि ती मागं बसणारी जवळजवळ सगळ्या बायका. मला असा खेळ करायचाच नव्हता. हातरुमाल देऊन पाहिला, तो आखूड पडला, फटका मारायला फार जवळ जावं लागतं. ओढणी लांब, ती पायात येते. पंचा बरोबर. अर्धा दुमडून धरला की हात-दीड हातावरून मनगटावर फटका बसतो, लागत नाही पण हात मात्र दचकतो. नियम एकच: पंचा कोपराच्या खाली मारायचा. वहिनी आणि तिच्या सासूबाई समोरासमोर आल्या तेव्हा सगळी गच्ची उभी राहून बघत होती. सासूबाईंनी संथ हलगीत पंचा नुसता हवेत झुलवत ठेवला, मारलाच नाही. वहिनीचा हात वाट बघून बघून आपोआप हलला.

म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांचा प्रश्न मात्र खरा होता. वयानं हाताला बारीक कंप असतो, ०.३ जीची मर्यादा तरण्या हाताला योग्य, कंप असलेल्या हाताला ती अर्धीच उरते. इथं यंत्रानं थोडी मदत करायला हरकत नाही असं मी ठरवलं, कारण कंप हासुद्धा हिसक्यातच मोडतो. म्हणून सलामी आली. डाव सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी रिंगणाच्या मध्ये यायचं, गोळ्याला गोळा लावायचा आणि तीन सेकंद स्थिर राहायचं. त्या तीन सेकंदात प्रत्येक दांडी आपल्या धन्याच्या हाताचा कंप मोजते आणि तेवढी सूट मर्यादेत घालते.

अर्थातच पोरांनी सलामीत मुद्दाम हात थरथरवायला सुरुवात केली. सूट वाढवून मिळते ना! सूट किती द्यायची याला मी वरची हद्द घातली आहे, पण लबाडी ओळखायचं काम दांडीकडे दिलेलं नाही. सलामीला सगळे वीतभर अंतरावर असतात. कुणाचा हात खोटा थरथरतोय ते सगळ्यांना दिसतं. ‘‘ए, परत! परत सलामी!’’ असा ओरडा होतो आणि सलामी परत होते. या ओरड्याशिवाय खेळ मला आता अपुरा वाटतो.

आता हलगी. सुरुवातीला रेकॉर्ड केलेली हलगी वाजवायचो. आमच्या ओळखीचा एक हलगीवाला आहे, सगळे त्याला आबा म्हणतात. त्यानं संथ, मध्यम, चढती अशा चाली वाजवून दिल्या. एक छोटा डबा त्या चाली उलटसुलट लावायचा आणि कुठली चाल चालू आहे ते सगळ्या दांड्यांना वायरलेसवरून सांगायचा. ईएसपी-नाऊ म्हणून एक पद्धत या पाट्यांमध्ये आहे, तिला राउटर लागत नाही, एकदा ओरडलं की सगळ्यांना ऐकू जातं. गच्चीवर ती न कुरकुरता चालते.

इथं ब्लूटूथ स्पीकर कुणी लावू नये. ब्लूटूथचा आवाज पाव सेकंदापर्यंत उशिरा येऊ शकतो. दांडीला संथ चाल कळलेली असते, माणसाला अजून जलदच ऐकू येत असते, आणि तेवढ्यात तो बाद होतो. माणसाला वाटतं दांडी खोटी आहे. एकदा असं वाटलं की तो परत खेळत नाही. वायरचा स्पीकर लावायचा. त्याशिवाय चाल उतरताना मर्यादा अर्धा सेकंद थांबून उतरते, चढताना मात्र लगेच चढते. कानानं ऐकून अंगानं आवरायला माणसाला तेवढा वेळ लागतोच.

एकदा आबा स्वतः खेळ बघायला आला. थोडा वेळ बघून म्हणाला, ‘‘ह्ये डब्याचं काय खरं न्हाई. त्येला दिसतंय व्हय कोण कुणावर चाललाय ते?’’

खरं होतं. मैदानात हलगीवाला कुस्ती बघून वाजवतो. पट, म्हणजे पाय धरून खेचायचा डाव, निघायला लागला की हात आपोआप चढतो. डबा आंधळा. मग आबालाच बसवायचं ठरलं. पण आबा वाजवत असताना दांड्यांना चाल कशी कळणार? माइक लावून ठोके मोजायचा विचार केला, पण गच्चीवर टाळ्या, ओरडा, खाली रस्त्यावरची बुलेट, त्यात हलगीचे ठोके वेगळे काढणं बेभरवशाचं. आबाचे दोन्ही हात अडकलेले, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. पाय मोकळे होते. आईच्या शिलाई मशीनला मोटर बसवली होती तेव्हाचं पायाचं पेडल माळ्यावर होतं. त्याच्या आत साधा फिरता कंट्रोल बसवला आणि वायर डब्याला जोडली. आबा पाय दाबेल तितकी मर्यादा चढते. त्याचा पाय आणि हात एकत्र चालतात की नाही याची मला शंका होती. त्याला पहिल्या डावातच ते जमलं. ताल पायानं धरायची सवय असलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही.

आणि खेळ पार बदलला. आबा बघून वाजवतो. दोघं जण लांबून एकमेकांना नुसते जोखत असले की हलगी हळूहळू चढवतो, त्यांना भिडायला भाग पाडतो. कुणी बेभान होऊन धावत सुटला की मध्येच झटकन उतरवतो आणि तो माणूस एका पायावर, हात पसरून, श्वास धरून थिजतो. त्या क्षणी गच्चीवर जो आवाज होतो तो डब्याच्या हलगीला कधी झाला नव्हता. आबा पक्षपात करतो का? करतो. लहान मुलगी एकटी उरली की तिच्या बाजूनं वाजवतो, उघड उघड. दाजी त्यावर चिडतात, ‘‘आबा, हे बरोबर न्हाई हां!’’ आबा उत्तर देत नाही, हलगी अजून उतरवतो. मला यात काही बिघडलेलं दिसत नाही. आबा इथला पंच; त्याला त्या जागेवरून काढायला कुणीही मोकळा आहे. पुढच्या डावाला दाजींनी स्वतः हलगी घेतली, वाजवता आली नाही, सगळ्यांनी मिळून परत आबाला बसवलं. निवडून आलेला पंच आहे तो आता.

बाद झालेल्यांचं काय, हा प्रश्न अशा प्रत्येक खेळात येतो. डाव मिनिट-दोन मिनिटांत संपतो, त्यामुळं फार ताटकळावं लागत नाही. तरी बाद झालेल्यानं रिंगणाच्या रांगोळीवर उभं राहायचं असा रिवाज पडलाय. हात लावायचा नाही, पण टाळी वाजवायची, कानाजवळ अचानक ‘भ्वॉ’ करायचं, खोट्या सूचना द्यायच्या, सगळं चालतं. जसजसे लोक बाद होतात तसतसं रिंगण दाट होतं आणि आतल्या दोघांना जागा कमी वाटायला लागते. हे मी कागदावर आखून कधी जमवू शकलो नसतो.

गच्चीचा कठडा छातीएवढा उंच असेल तरच गच्चीवर खेळा, नाहीतर अंगणात. आणि अनवाणी खेळा, चप्पल घसरते.

सध्या काम चाललंय ते आबाच्याच एका बोलण्यावरून. तो म्हणाला, मैदानाला कधी एकच हलगी असते का? दोन हलग्या, दोन संघ, पिवळे गोळे आणि निळे गोळे. पिवळ्या दांड्या एका हलगीचं ऐकणार, निळ्या दुसऱ्या हलगीचं. म्हणजे पिवळ्यांची हलगी चढलेली असताना निळ्यांची संथ असू शकते. पिवळे धावून येत असताना निळ्यांनी भरल्या तांब्यानिशी मागं सरकायचं. दोन्ही आवाज एकदम चालू असताना आपली हलगी कोणती हे कानानं वेगळं काढावं लागेल. आबाचं म्हणणं, ते सोपं आहे. एक हलगी जाळावर जास्त तापवायची, कातडं ताणलं की तिचा आवाज चढा होतो, दुसरी जरा उतरती ठेवायची. मंडपातल्या कामामुळं दोन वेगळ्या गटांना वेगळ्या सूचना पाठवणं मला नवीन नाही, डब्यात ते बसवून झालं आहे. दोन्ही हलगीवाले एकमेकांकडे बघून वाजवणार की आपापल्या संघाकडे, आणि बघून वाजवलं तर दोघांमध्येच वेगळी खडाखडी सुरू होईल का, हे खेळूनच कळेल. दुसरं पेडल कापड पेठेतल्या एका टेलरकडून मिळालं आहे. दुसरा हलगीवाला कवठेपिरानहून यायला तयार आहे, त्याची एकच अट आहे: जाळ गच्चीवर करायचा, आणि हलगी त्याची तोच तापवणार.